मालक किती असावेत?

‘राजकीय तत्त्वज्ञान’ हे शब्द दिसले की आमचा वाचक पान उलटून चकलीच्या कृतीकडे वळतो, हे आम्हांला ठाऊक आहे. दिवाळी अंकात तर तो त्याचा हक्कच आहे. पण यंदा जरा थांबावे. आम्ही ज्या तत्त्वज्ञानाविषयी बोलणार आहोत ते तुमच्या सोसायटीच्या शेअर सर्टिफिकिटात, गावाकडच्या सातबाऱ्यात नि कोपऱ्यावरच्या वाण्याच्या गल्ल्यात दडून बसलेले आहे. ते पाहायला ऑक्सफर्डला जावे लागत नाही. भांडुपला उतरले तरी पुरते.

इंग्रजीत त्याला डिस्ट्रिब्युटिझम म्हणतात. मराठीत काय म्हणावे हा पेच आहे. वितरणवाद म्हटले की रेशनच्या दुकानापुढची रांग आठवते; विभाजनवाद म्हटले की फाळणी. म्हणून आम्ही आपले साधे नाव ठेवतो, ‘घरोघर मालकी’. म्हणणे असे की जमीन, घर, दुकान, हत्यारे, यंत्रे अशी जी पोट भरण्याची साधने आहेत, ती मूठभर शेठजींच्या हाती असू नयेत आणि एकट्या सरकारच्याही हाती असू नयेत. ती होता होईल तितक्या कुटुंबांच्या हाती असावीत. मालक फार थोडे आहेत म्हणून समाजवादी रागावतो, आणि उपाय काय सुचवतो, तर मालक एकच ठेवा! घरोघर मालकीवाला म्हणतो, अहो, थोडे आहेत ना, मग वाढवा की.

हे मत गाजवले ते इंग्लंडातल्या दोन लेखकांनी. त्यांतला गिल्बर्ट चेस्टरटन हा जाडजूड गृहस्थ फादर ब्राउन नावाच्या पाद्रीबुवाच्या गुप्तहेरकथा लिहीत असे. दुसरा हिलेअर बेलॉक. हा १९०६ ते १९१० पार्लमेंटात बसला आणि विटून बाहेर पडला. १९१२ साली त्याने ‘द सर्व्हाइल स्टेट’ हे पुस्तक लिहिले. भांडवलशाहीला समाजवादाची ठिगळे लावत गेलात तर समाजवाद यायचा नाहीच, असा त्याचा इशारा होता. येईल ती निराळीच गोष्ट. बहुसंख्य लोकांना नोकरीची, आजारपणाची, म्हातारपणाची हमी मिळेल आणि त्या बदल्यात ते जन्मभर दुसऱ्याचे चाकर राहतील. खाऊनपिऊन सुखी, पण चाकर. हे वाचताना आम्हां पगारदारांना उगीचच खोकला येतो.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली मजुरांच्या स्थितीवर एक पत्रक काढले होते. कामगाराच्या पदरी स्वतःची मालमत्ता पडावी असे त्यात म्हटले होते. या दोघांनी सूर तिथून उचलला. १९२६ साली त्यांच्या मताची एक लीग निघाली. साप्ताहिक तर चेस्टरटन आधीपासूनच चालवीत होता. (साप्ताहिक चालवणाऱ्या माणसाबद्दल आम्हांला जात्याच सहानुभूती आहे.) ‘तीन एकर नि एक गाय’ ही त्याआधीची जुनी घोषणा यांच्या नावाला चिकटली. लीगचा राजकीय पक्ष मात्र कधी झाला नाही. सभा भरल्या, वाद रंगले, १९३६ साली चेस्टरटन वारला आणि मंडळी हळूहळू पांगली.

आपला या गृहस्थाशी संबंध थोडा जुना आहे. १९०९ च्या सप्टेंबरात लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात त्याने हिंदी राष्ट्रवाद्यांना टोमणा मारला होता की तुमच्या मागण्या इंग्रजांचीच नक्कल आहेत, त्यांत हिंदी असे फारसे काही दिसत नाही. तो लेख त्या वेळी लंडनात असलेल्या गांधीजींनी वाचला, त्यांना तो पटला, आणि आपल्या पत्रातून त्यांनी तो वाचकांपुढेही ठेवला. दोनच महिन्यांनी परतीच्या बोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज’ लिहून काढले. एका टोमण्यातून पुस्तक निघाले असे आम्ही म्हणणार नाही. पण चरखा घरोघर असावा, गिरणी एका ठिकाणी नसावी, हा विचार आणि ‘तीन एकर नि एक गाय’ यांचे गोत्र एकच.

या मतावरचा नेहमीचा आक्षेप असा की शेत नि गाय ठीक आहे, पण आगगाडीचे काय? तिचे डबे घरोघर वाटायचे काय? आता आगगाडी निघालीच आहे तर भांडुपला उतरू. मुंबईहून ठाणे-कल्याणकडे रेल्वे न्यावी ही कल्पना सरकारचे मुख्य इंजिनिअर जॉर्ज क्लार्क यांना १८४३ साली सुचली ती भांडुपच्या मुक्कामात, अशी नोंद आहे. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. त्या गाडीमागून भांडुपला पुढे काय काय आले! जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, दोन्ही अंगांनी कारखाने उभे राहिले. सिएटचे टायर, गेस्ट कीन विल्यम्सचे स्क्रू, एशियन पेंट्सचे रंग भांडुपात तयार होत. भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरून जाई.

ही माणसे आली कोठून? रत्नागिरीतून, साताऱ्यातून, घाटावरून. बहुतेकांच्या मागे गावी जमिनीचा एखादा तुकडा होता, आणि त्या तुकड्याची कथा हीच घरोघर मालकीची महाराष्ट्रातली सर्वांत मोठी कथा आहे. १ एप्रिल १९५७ हा दिवस तुमच्या घरात कोणाला आठवतो का ते विचारून पाहा. कुळकायद्यात ‘कृषक दिन’ म्हणून ठरलेला तो दिवस. कसणारे कूळ त्या दिवशी जमिनीचे मालक झाले असे कायद्याने मानले आणि किंमत हप्त्यांनी फेडायची ठरली. आमच्या वाचकांत दोन्हीकडचे लोक आहेत. एकाच्या आजोबांची जमीन त्या दिवशी गेली आणि दुसऱ्याच्या आजोबांना मिळाली. दोघांचे नातू आज एकाच जिन्याने चढतात नि लिफ्ट बंद पडली म्हणून एकाच सेक्रेटरीला शिव्या देतात. ज्यांची गेली त्यांच्या घरी ती हळहळ अजून फराळासोबत निघते, आणि तिच्यात खरे दुःख आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण लाखो कुटुंबे पहिल्यांदाच स्वतःच्या बांधावर उभी राहिली, आणि ही गोष्ट मुंबईत वा नागपुरात रक्त न सांडता विधिमंडळात झाली. चेस्टरटनच्या लीगला आयुष्यभर जे जमले नाही ते.

पुढचा अध्याय मात्र तितका सुखाचा नाही. बापाची दोन एकर चार मुलांत वाटली, त्यांची पुन्हा नातवंडांत. १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा होता, तरी सातबाऱ्यावरची नावे वाढतच गेली. कोकणात तर असे सातबारे आहेत की त्यावरच्या सर्वांना एकत्र उभे करायचे तर जमीनच अपुरी पडावी. मालक पुष्कळ झाले. पण एक आंबा उतरवायचा तरी वीस जणांची संमती हवी. मालक वाढवा म्हणणे सोपे. वाढलेल्या मालकांनी एकत्र काम कसे करायचे, हे चेस्टरटनने फारसे सांगितले नाही. तो भाग त्याने गायीवर सोपवला असावा.

याचे उत्तर शास्त्री मार्गावर दोन ठिकाणी शोधले गेले, आणि दोन्ही ठिकाणची हकीकत राजकारणाच्या पुस्तकात घालण्यासारखी आहे.

भांडुपहून याच रस्त्याने दक्षिणेला कांजूर, विक्रोळी, घाटकोपर टाकून कुर्ल्यात शिरले की ‘कमानी’ नावाचा बस स्टॉप लागतो. इथे कमानी ट्यूब्ज हा तांब्या-पितळेसारख्या धातूंच्या नळ्या काढणारा कारखाना होता. मालक घराण्यात तंटे झाले आणि १९८५ साली कारखाना बंद पडला. अशा वेळी युनियन काय करते? मोर्चा, धरणे, आणि शेवटी थकलेल्या पगारासाठी दावा. डी. थंकप्पन यांच्या नेतृत्वाखालच्या युनियनने निराळेच मागितले. कारखाना आम्हांला द्या, आम्ही चालवतो! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले, आजारी उद्योगांसाठी नेमलेल्या मंडळाने योजना तपासली, आणि १९८८ साली कोर्टाच्या संमतीने कंपनीची मालकी कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली. देशात अशा रीतीने कामगारांनी घेतलेला हा पहिला मोठा कारखाना म्हणून त्याचे नाव झाले. पुढच्या वर्षी यंत्रे पुन्हा फिरू लागली.

वाचकहो, क्षणभर त्या कामगाराच्या जागी उभे राहून पाहा. काल ज्या फाटकापाशी घोषणा देत होता, आज ते फाटक त्याचे. सकाळी तो मालक म्हणून मालाची किंमत ठरवणाऱ्यांना मत देतो आणि दुपारी नोकर म्हणून पगारवाढ मागतो. पगारवाढ द्यायची कोणी? त्यानेच. मॅनेजर कडक वागला तर गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे? स्वतःकडेच! पहिली काही वर्षे कारखाना बरा चालला, आणि ज्यांना हे जमणारच नाही असे वाटत होते त्यांची तोंडे बंद झाली. मग भांडवलाची चणचण आणि आपसांतली तेढ यांनी घेरले आणि तो प्रयोग मावळला. कामगाराला धंदा कळत नाही म्हणून तो बुडाला, असे सुटाबुटातले लोक म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. धंदा कळणाऱ्या मालकांनीच तो आधी बंद पाडला होता, हे कसे विसरायचे? दुसऱ्या वेळी कमी पडले ते ज्ञान नव्हे. शेकडो माणसांनी एकमेकांवर विश्वास टाकून वर्षानुवर्षे हिशेब तपासत बसायची जी सवय लागते, ती कोर्टाच्या हुकमाने मिळत नाही.

आता परत भांडुपला या. स्टेशनपासून जवळच, याच रस्त्यावर, ड्रीम्स मॉलची इमारत आहे. साधारणपणे मॉल म्हणजे एका बड्या मालकाची जागा आणि भाड्याने आलेले दुकानदार. हा मॉल तसा नव्हता. २००९ च्या सुमारास तो उभा राहिला तेव्हा त्यातले छोटे छोटे गाळे, हजाराच्या घरात, निरनिराळ्या लोकांना विकले होते. कुणी निवृत्तीचा पैसा घातला, कुणी मुलाला धंदा काढून द्यावा म्हणून घातला. कागदावर पाहिले तर चेस्टरटनला नाचावेसे वाटावे. एका छपराखाली हजार छोटे मालक! पण सामाईक जिने, वीज, पाणी, आगीची साधने हे सगळे कोणाचे? कारभाराचे तंटे वाढले आणि शेवटी कंपनी विधी न्यायाधिकरणाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती ती जागा गेली. २०२१ च्या मार्चमधील २५ तारखेच्या रात्री तिथे आग लागली. वरच्या मजल्यावर इस्पितळ होते, कोरोनाचा काळ होता, आणि रुग्ण मृत्युमुखी पडले. दोष कोणाचा हे ठरवणे या सदराचे काम नाही. आम्ही एवढेच पाहतो की जिथे गाळ्याचा मालक आहे पण जिन्याचा नाही, तिथे मालकी अर्धीच आहे. आणि ते उरलेले अर्धे माणसाच्या जिवावर बेतू शकते.

मग हे जमते तरी कोठे? जमते. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, ती लिज्जतची कथा सर्वांना पाठ आहे, म्हणून लांबवत नाही. त्यातली एकच गोष्ट पाहावी. तिथे लाटणारी बाई नोकर नाही, भागीदार भगिनी आहे. नफा झाला तर तिचा नि तोटा झाला तर तोही तिचाच. त्याआधी, १९५० साली, प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना काढला. ऊस पाव एकर असो की पंचवीस, सभासदाला मत एकच. पुढे अशा कारखान्यांचे अध्यक्ष आमदार झाले, आमदार मंत्री झाले, आणि सभासद वार्षिक सभेला जेवणापुरता उरला असे पुष्कळ ठिकाणी झाले. काही कारखाने तर शेवटी खाजगी मालकांनी विकत घेतले. पापडाला तिकीट मिळत नाही म्हणून तो वाचला की काय, असे कधी कधी आमच्या मनात येते.

आता राजकारण. इतक्या लोकांना हवीशी वाटणारी ही गोष्ट कोणत्याच पक्षाच्या झेंड्यावर का नाही? १९५९ च्या जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव आला तेव्हा हा वाद ऐन रंगात आला होता. चौधरी चरणसिंगांनी तिथेच विरोध केला की शेतकऱ्याची जमीन एकत्र करू नका, त्याची त्याच्याकडे राहू द्या. त्याच वर्षी राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला आणि शेतकऱ्याच्या मालकीचा कैवार घेतला. पण त्या पक्षात छोट्या शेतकऱ्याशेजारी बडे जमीनदार नि कारखानदार येऊन बसले, आणि शेजाऱ्याचा आवाज मोठा निघाला. डाव्यांना छोटा मालक संशयास्पद वाटतो, उद्या तो मोठा होईल म्हणून. उजव्यांना तो गोड वाटतो, पण त्याच्या नावाने कैवार घ्यायचा असतो मोठ्याचा.

राज्यघटनेत मात्र त्याला जागा आहे. ३९ व्या अनुच्छेदात म्हटले आहे की समाजाच्या भौतिक साधनांची मालकी सर्वांच्या हिताची होईल अशी वाटली जावी आणि संपत्ती थोड्यांच्या हाती साचू नये. या वाक्याचा अर्थ काय, यावर मुंबईतल्याच घरमालकांच्या संघटनेचा खटला तीस वर्षांहून अधिक काळ चालला. शहरातल्या जुन्या इमारती सरकारने संपादन करून तिथल्या भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला द्याव्यात, अशी तरतूद महाराष्ट्राने १९८६ साली कायद्यात घातली होती. तिच्यावरून हा वाद पेटला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही काही समाजाचे भौतिक साधन ठरत नाही. निकाल योग्यच वाटतो. नाहीतर आमचा मिक्सरही समाजाचा व्हायचा. पण वादात जो तो घरमालक आणि सरकार यांच्याविषयीच बोलत होता. तीस वर्षे टेकू दिलेल्या जिन्यावरून वरखाली करणारा भाडेकरू, ज्याला मालक व्हायचे होते, तो चर्चेत कडेलाच राहिला.

भांडुपच्या टेकाडावर, टेंभीपाड्याच्या बाजूला गेलात तर सरकारने केलेली आणखी एक वाटणी कळते. १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना आहे. झोपडीच्या जागी पक्के घर मिळते. पूर्वी २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३००. चेस्टरटनच्या तीन एकरांत अशी ४३५ घरे बसतील, गाय वगळून. थट्टा बाजूला ठेवू. घर स्वतःचे होणे ही लहान गोष्ट नाही. दारावर पाडापाडीचा हातोडा पडेल ही भीती ज्याने रात्र रात्र काढली त्यालाच तिची किंमत ठाऊक. पण झोपडीच्या पुढच्या अंगाला शिवणयंत्र होते, इस्त्रीचे टेबल होते, वडे तळायची शेगडी होती. सातव्या मजल्यावर वडे कोण घ्यायला येतो? घराचा मालक झाला आणि धंद्याचा मालक गेला, असे काही घरांत झाले. मग सोसायटीचा देखभाल खर्च परवडत नाही आणि घर भाड्याने देऊन माणूस पुढे कुठेतरी सरकतो. बेलॉकचा खोकला पुन्हा येतो तो इथे.

हे सारे झोपडीवाल्यांचे, आपला काय संबंध, असे ज्या वाचकाला वाटत असेल त्याने आपल्या इमारतीचा पुनर्विकास आठवावा. २०१९ च्या शासननिर्णयाप्रमाणे निम्म्याहून अधिक, ५१ टक्के, सभासदांची संमती त्याला पुरते. तुमच्या जन्माच्या कमाईचा सौदा सोसायटीच्या सभेत ठरतो. तिथे नकाशा कोणी वाचला, बँक गॅरंटी कोणी विचारली, हिशेबाच्या वहीवर बोट ठेवून प्रश्न कोणी केला? सहसा एखादे निवृत्त गृहस्थ, ज्यांना सगळे कटकट्या म्हणतात. घरोघर मालकीचा महाराष्ट्रातला खरा पुढारी तोच, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

आणि एक गोष्ट लक्ष्मीपूजनाच्या आधी विचारावीशी वाटते. १९८९ च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली होती. शेतकऱ्याने आपल्या हयातीतच जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करून द्यावा, अशी ती हाक होती, आणि विदर्भ-मराठवाड्यात गावेच्या गावे त्यात सामील झाली. कसली सक्ती नव्हती, मोबदला नव्हता. इकडे पुनर्वसनाच्या त्या ३०० फुटांच्या घराच्या कागदावर नवरा नि बायको दोघांची नावे असावीत असा नियमच आहे. शास्त्री मार्गावरच्या आपल्या दोन-तीन खोल्यांच्या ब्लॉकच्या शेअर सर्टिफिकिटावर किती नावे आहेत? कपाट उघडाच आहात पूजेसाठी, तर तेवढे पाहून ठेवा.